गाडीचा टायमिंग पट्टा घरी बदलताना



गळीत हंगाम आटोपला की आपल्यापैकी पुष्कळांच्या गाड्या घाट उतरून खाली जातात. महाड-पोलादपूरशी आपल्या भागाच्या सोयरिकी जुन्या आहेत. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाची सून तिकडची. माझी थोरली बहीण महाड तालुक्यातल्या तुडीलला दिली आहे. गेल्या वैशाखात दोन दिवसांसाठी म्हणून गेलो आणि चार दिवस राहिलो. ते का राहावे लागले, त्याचीच ही हकिकत. कारखान्याच्या वाहन विभागात माझी नोकरी झाली असल्यामुळे हात काळे करून घ्यायची सवय अजून गेलेली नाही.

मी पोहोचलो त्याच दिवशी बहिणीच्या शेजाऱ्यांची डिझेल गाडी टेम्पोला दोर बांधून ओढत आणली होती. शेजाऱ्यांचा मुलगा महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरकडे उतरत होता. मागच्या सीटवर त्याची आई आणि दोन लहान पोरं. एका वळणाअगोदर काहीतरी फटकन वाजलं आणि इंजिन गप्प झालं. इंजिन गप्प झालं की ब्रेकला मिळणारी हवेची मदत एक-दोन दाबांत संपते, पायाखालचं पॅडल दगडासारखं लागतं. पॉवरचं स्टिअरिंगही जड होतं. पोरगा घाबरला, पण सुचलं त्याला. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला, गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दरीच्या अंगाला गेली असती तर हा लेख लिहायला मला हात उचलला नसता.

पुढं त्यानं जे केलं ते आपणही केलं असतं. दहा-पंधरा वेळा किल्ली मारली. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरत होता, इंजिन मात्र उचलत नव्हतं. ही खूण लक्षात ठेवावी. इंजिन अचानक बंद पडलं आणि स्टार्टर असा मोकळा, भिरभिर फिरायला लागला, तर पुन्हा किल्ली मारू नये. आतला टायमिंग पट्टा तुटला असण्याचा संभव मोठा असतो आणि प्रत्येक किल्लीगणिक नुकसान वाढू शकतं.

मिस्त्रीनं झाकण उघडलं तर पट्ट्याच्या चिंध्या. हेड खोललं तर व्हॉल्व्ह वाकलेले. गाडी चालली होती किती? चाळीस हजार किलोमीटरसुद्धा नाही. पण पट्टा अकरा वर्षांचा. गाडीमालक मुंबईला नोकरीला. गाडी गणपतीत आणि शिमग्यात बाहेर पडायची, बाकी दिवस शेडमध्ये. मंडळींनी फक्त किलोमीटर मोजले, वर्षं मोजलीच नाहीत.

हा पट्टा काय काम करतो ते आधी सांगतो. आपल्या जुन्या चरकाचे लाट आठवा. एक लाट फिरला की दातांमुळं दुसरा त्याच हिशेबात फिरायचा. इंजिनातही तसंच आहे. खाली क्रँक असतो, तो पिस्टनांना वर-खाली करतो. वर कॅम असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दात असतात. पिस्टन वर यायच्या वेळी व्हॉल्व्ह बाजूला झालेला असला पाहिजे. हा ठेका सांभाळणारा तो टायमिंग पट्टा. पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा थोडा घसरला तर दळण जरा उशिरा होईल, इतकंच. इथं घसरून चालत नाही, म्हणून या पट्ट्याला आतून दात असतात.

आपल्या ट्रॅक्टरवाल्या सभासदांना हा त्रास सहसा माहीत नसतो, कारण ट्रॅक्टरच्या आणि पंपाच्या इंजिनात हे काम लोखंडी गिअर करतात. जुन्या प्रीमियर पद्मिनीत आणि अॅम्बॅसडरमध्ये साखळी होती. रबरी दातेरी पट्टा मोटारीच्या कारखान्यात नेमानं बसवायला सुरुवात झाली ती १९६२ च्या सुमारास, जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कंपनीच्या छोट्या गाडीत. पट्टा हलका, आवाज नाही, तेल लागत नाही, स्वस्त पडतो. मग साऱ्या जगानं तो उचलला. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर हा पट्टा सामान्य माणसाच्या दारात आला. तोटा एकच : लोखंडी गिअर झिजले की कुरकुरतात, साखळी सैल झाली की खडखडते, पट्टा बहुधा काहीच बोलत नाही. सकाळी ठीक असतो, दुपारी तुटतो.

पट्टा तुटला की प्रत्येक गाडीत व्हॉल्व्ह वाकतातच असं नाही. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा राखलेली असते. तिथं गाडी नुसती बंद पडते. डिझेल इंजिनात दाब जास्त लागतो म्हणून ती जागा जवळजवळ नसतेच, तिथं ठोकर बसते. आपलं इंजिन कुठल्या जातीचं हे ठाऊक नसेल तर ठोकर बसणारं आहे असंच धरून काम करावं. त्यात फसवणूक होत नाही.

शेजाऱ्यांची गाडी पाहून आमचे दाजी रात्री जेवताना म्हणाले, "आपल्या आठशेचा पट्टा कधी बदलला?" भाचा माझ्याकडे बघायला लागला. गाडी २००५ ची. पट्टा बदलल्याची नोंद ना पुस्तकात, ना कुणाच्या डोक्यात. झालं, माझं परतणं लांबलं.

दुसऱ्या दिवशी भाचा महाडला जाऊन पट्टा आणि टेन्शनर घेऊन आला. इथं पहिली सूचना. पट्टा नेहमी आपल्या गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन सांगून घ्यावा आणि बसवण्याआधी जुन्याशी दात मोजून ताडून पाहावा. रुंदी आणि दाताचा आकारही तोच हवा. भाच्यानं पट्टा आणला तो घडी घालून खिशात कोंबून. मी रागावलो. या पट्ट्याच्या पोटात काचेच्या बारीक तंतूंची दोरी असते. रबर वाकतं, ती दोरी तीक्ष्ण घडीला आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही. तो पट्टा बाजूला ठेवला आणि दुसरा आणायला लावला. पैसे गेले, पण शंकेचा पट्टा इंजिनात घालायचा नाही हा नियम मी नोकरीतही मोडला नव्हता.

टेन्शनर म्हणजे पट्टा ताणून धरणारी बेअरिंगवरची छोटी चकती. पट्टा नवा आणि टेन्शनर जुना असं करू नये. बेअरिंग अडकलं तर नवा पट्टाही तेवढ्याच झटक्यात जातो. काही गाड्यांत पाण्याचा पंपसुद्धा याच पट्ट्यावर फिरतो. तसं असेल तर तोही त्याच वेळी बदलावा, कारण पुढं पंप गळला तर सगळं खोलकाम पुन्हा. आठशेचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर आहे, म्हणून तो आम्ही तसाच ठेवला.

गाडी उचलताना एक प्रसंग झाला. भाच्यानं जॅक लावला आणि आधाराला म्हणून अंगणातले चिऱ्याचे दगड आणले. कोकणात चिरा हाताशी असतो, पण तो टोकावर वजन आलं की चुरतो. सिमेंटचा पोकळ ठोकळाही तसाच दगा देतो. मी ते दगड बाजूला काढायला लावले आणि परसातले सागाचे जाड ओंडके आडवे-उभे रचून त्यावर गाडी टेकवली. स्टँड मिळाले तर सर्वात बरं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. उरलेल्या चाकांना पुढून-मागून अडसर, हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, बॅटरीची काळी वायर सोडलेली. इंजिन पूर्ण थंड. एवढं झाल्यावरच पान्याला हात लावला.

मग ज्या बाजूला पट्टे आहेत त्या बाजूचं चाक काढलं, बाहेरचा फॅन बेल्ट सैल करून उतरवला, क्रँकची बाहेरची पुली काढली. काही गाड्यांत ती बारीक चार-पाच बोल्टांनी धरलेली असते, काहींत मधल्या एकाच मोठ्या बोल्टानं, आणि तो बोल्ट माणसाला घाम फोडतो. तो सोडवायला स्टार्टर मारण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नये. त्यानं मनगटं मोडल्याचं मी पाहिलं आहे. तिन्ही प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन हातानं सहज फिरतं. शेवटी पट्ट्यावरचं झाकण उघडलं.

आता या कामाचं मर्म. पट्टा काढायच्या आधी इंजिन खुणेवर आणायचं, नंतर नाही. क्रँकच्या बोल्टाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनं हळूहळू फिरवायचं. आठशेत पुलीच्या बाजूनं पाहिलं तर ती दिशा घड्याळाच्या काट्यांची. वर कॅमच्या पुलीवर एक खूण असते, ती मागच्या पत्र्यावरच्या खाचेसमोर आली पाहिजे. त्याच वेळी खाली क्रँकच्या दातेरी पुलीवरचा ठिपका ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आला पाहिजे. एक खूण जुळली आणि दुसरी जुळली नाही, तर अजून एक फेरा द्यायचा, कारण कॅम अर्ध्या वेगानं फिरतो. दोन्ही एकदम जुळल्यावर भाच्याला म्हटलं, "आता पांढरा रंग आण." कंपनीच्या खुणा आहेत तशा असू द्याव्यात, पण आपण वर आणि खाली रंगाचे ठिपके दिले की म्हाताऱ्या डोळ्यांना चुकायला जागा राहत नाही. भाच्यानं मोबाईलवर फोटोही काढून ठेवले. आमच्या काळी ही सोय नव्हती. सोय चांगली आहे.

आठशेच्या कामाच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट सांगितलेली असते ती मंडळी गाळतात : वरचं झाकण काढून टॅपेटचे स्क्रू ढिले करणे. याचं कारण असं की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत ढकलत असतात. पट्टा निघाला की कॅम आपोआप टुणकन सरकतो, आणि नवा पट्टा बसवताना त्या रेट्यामुळं ताण खोटा बसतो. टॅपेट ढिले केले की कॅम मोकळा फिरतो. पण मग शेवटी गेज घालून टॅपेट पुन्हा बसवावे लागतात. ज्यांना टॅपेट बसवता येत नाहीत त्यांनी माझ्या मते हे काम इथंच थांबवून मिस्त्रीला बोलवावं. त्यात कमीपणा काही नाही.

टेन्शनर ढिला करून जुना पट्टा काढला. वरून बरा दिसत होता. उलटा करून जरा वाकवला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा, आणि एका जागी दोन दात बोटानं हलत होते. दाजी बराच वेळ तो पट्टा हातात धरून बसले. याच गाडीतून आठवड्यापूर्वी वरंध घाटानं भोरला लग्नाला जाऊन आले होते ते.

पट्टा निघाल्यावर क्रँक किंवा कॅम एकटा फिरवायचा नाही. पोरं जवळ आली आणि कुतूहलानं पाना फिरवला, असं होऊ देऊ नये. या वेळात क्रँकच्या आणि कॅमच्या मागचे ऑइल सील पाहून घ्यावेत. तेल पाझरत असेल तर सील आधी बदलावं. तेल लागलेला पट्टा फुगतो, मऊ होतो आणि वेळेआधी जातो. झाकणाच्या आत उंदराचं घरटंही तपासावं. आमच्या गाडीत भाताचा कोंडा आणि कापडाच्या चिंध्या निघाल्या. बंद शेडमध्ये महिनोन् महिने उभ्या गाडीत हे नेहमीचं.

नवा पट्टा घालताना त्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनं ठेवावा. टेन्शनर नसलेल्या बाजूला पट्टा अगदी ताठ राहिला पाहिजे, सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला यावा. पक्कडीनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं रेटून पट्टा चढवू नये, हातानंच चढवावा. चढल्यावर टेन्शनरची स्प्रिंग मोकळी सोडायची, तीच आपल्या जोरानं पट्टा ताणते. आपल्या अंगचा जोर तिथं लावायचा नाही. फार ताणला तर पट्टा गुणगुणतो आणि बेअरिंग खातो, सैल राहिला तर दात उडी मारतो.

मग हातानं क्रँकचे पूर्ण दोन फेरे द्यायचे आणि खुणा पुन्हा पाहायच्या. सांगायला लाज वाटते, पण आमची वरची खूण एका दातानं मागे दिसली. इतक्या वर्षांचा अनुभव, तरीही! पट्टा चढवताना मी ताठ बाजू हातात धरली होती खरी, पण भाच्याशी बोलण्याच्या नादात खालची पुली किंचित हलली. एक दात म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा फरक. तेवढ्यानं गाडी सुरू झालीही असती, पण ओढ गेली असती, पेट्रोल जास्त जळलं असतं आणि दोष पेट्रोलपंपावर गेला असता. पट्टा उतरवला, खुणा जुळवल्या, पुन्हा चढवला, पुन्हा दोन फेरे. या वेळी दोन्ही ठिपके समोरासमोर. मगच टेन्शनरचे बोल्ट पुस्तकात दिलेल्या जोरानं आवळले.

हे दोन फेरे देताना मध्येच पाना कट्कन अडला, तर जोर करायचा नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला आहे असं समजावं आणि सगळं पुन्हा पाहावं. हातानं फिरवताना लागलेली अडचण फुकट सुटते, स्टार्टरनं फिरवताना लागली तर हेड खोलावं लागतं. म्हणून किल्ली सगळ्यात शेवटी.

टॅपेट बसवले, झाकणं लावली, फॅन बेल्ट ताणला, प्लग आणि वायर जागच्या जागी. दुपारचे चार वाजले होते. वाहन विभागात दोन माणसं हे काम दुपारच्या जेवणाआधी संपवायची. अंगणात मात्र अख्खा दिवस धरून चालावं. दाजींनी नारळ वाढवला आणि भाच्यानं किल्ली मारली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन उचललं. खडखड नाही, गुणगुण नाही.

घरी करायचं आणि करायचं नाही, याची रेघ मी अशी ओढतो. एक कॅम, पेट्रोल इंजिन, हात जायला जागा आणि कामाचं पुस्तक जवळ, असं असेल तर हात चालणाऱ्या माणसानं करायला हरकत नाही. डिझेल गाड्यांत पुष्कळदा डिझेलचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो. तिथं दोन नव्हे, तीन खुणा जुळवाव्या लागतात, आणि पुल्या जागी धरून ठेवायला खास पिना लागतात. दोन कॅमच्या इंजिनाचंही तसंच. ती गाडी सरळ जाणत्या मिस्त्रीकडे द्यावी, फक्त त्यानं पट्ट्याबरोबर टेन्शनर बदलला का ते विचारावं आणि जुने भाग मागून घ्यावेत.

आपल्या गाडीत पट्टा आहे का हे आधी पाहावं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पुन्हा साखळी आली आहे. आल्टो के-१० मध्ये साखळी आहे, जुन्या ८०० सीसीच्या आल्टोत पट्टा. पट्टा असेल तर किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, ते गाडीच्या पुस्तकात असतं. साधारण साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा आढळतो, पण तो पुस्तकातूनच घ्यावा, आणि किलोमीटर व वर्षं यांत जे आधी भरेल ते खरं मानावं. जुन्या डिझेल इनोव्हात समोर या पट्ट्यासाठी वेगळा दिवा लागतो. तो दिवा किलोमीटर मोजून लागतो, पट्ट्याची तब्येत त्याला कळत नाही.

पुरात सापडलेल्या गाडीचा हिशेब वेगळा. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या पट्ट्याच्या झाकणात गाळ बसतो, टेन्शनरच्या बेअरिंगला गंज चढतो. धुऊन, वाळवून गाडी चालू झाली तरी तो पट्टा राहू देऊ नये. जुनी गाडी विकत घेणाऱ्या सभासदांनीही हे ध्यानात धरावं. विकणारा पट्टा नवा आहे म्हणाला आणि पावती दाखवू शकला नाही, तर पट्टा जुनाच समजावा.

निघायच्या दिवशी बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगानं तारीख आणि किलोमीटर लिहून दिले. जुना पट्टा बहिणीनं फेकू दिला नाही, गोठ्याच्या दाराला अडकवायला घेतला. शेजाऱ्यांच्या गाडीचं हेड त्या दिवशी अजून महाडलाच होतं.